'माझा फोन टॅप होतोय' म्हणणाऱ्या नेत्यांचे पुढे काय होते?

प्रश्न : दर चार-सहा महिन्यांनी कोणी ना कोणी नेता पत्रकार परिषद घेतो आणि 'सरकार माझा फोन ऐकतंय' असे सांगतो. दोन दिवस वाहिन्यांवर गदारोळ होतो आणि मग सगळे थंड. एकही आरोप शेवटपर्यंत सिद्ध झाल्याचे मला आठवत नाही. आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत. आईच्या मते हे सगळे सहानुभूती मिळवण्याचे नाटक. धाकटा भाऊ म्हणतो, आगीशिवाय धूर निघत नाही. यातले खरे काय मानायचे? आणि खरे असेल, तर ते कधीच सिद्ध का होत नाही?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या आईंचे आणि भावाचे, दोघांचेही म्हणणे काही प्रकरणांना तंतोतंत लागू पडते. मात्र ज्या पुराव्याने त्यांचा वाद मिटेल, तो बाहेर येण्याची वाटच आपल्या कायद्याने ठेवलेली नाही. 'सिद्ध झाले नाही' आणि 'खोटे ठरले' यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पाळतीच्या आरोपांत मात्र आपण ते अंतर विसरतो आणि ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे निकाल लावून मोकळे होतो. म्हणून आधी टॅपिंग कायदेशीरपणे कसे होते ते पाहू.

परवा-परवापर्यंत त्याचा आधार होता १८८५चा, इंग्रजांच्या काळातला टेलिग्राफ कायदा. आता २०२३चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर २०२४चे नियम आहेत, पण चौकट जुनीच आहे. केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात गृह खात्याचे सचिव लेखी आदेश काढतात. आदेश साठ दिवस चालतो आणि मुदत वाढवत जास्तीत जास्त एकशे ऐंशी दिवसांपर्यंत नेता येतो. तातडी असेल तर वरिष्ठ पोलीस अधिकारी आधी ऐकायला सुरुवात करून मागाहून मंजुरी घेऊ शकतात. आदेश योग्य होता की नाही हे तपासायला पुनर्विलोकन समिती असते. केंद्रात तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, राज्यात मुख्य सचिव, आणि बाकीचे सदस्यही सचिवच. म्हणजे सरकारच्या एका सचिवाने काढलेला आदेश त्याच सरकारचे दुसरे सचिव बंद दाराआड तपासतात. या साखळीत न्यायाधीश कुठेही नाहीत.

ही तपासणी किती खोलात होत असेल, याचा अंदाज न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या अहवालातून येतो. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींची चौकशी करणारे तेच हे न्यायमूर्ती. माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या त्यांच्या समितीने २०१८मध्ये नोंदवले, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या केंद्राच्या पुनर्विलोकन समितीपुढे दर बैठकीला १५ ते १८ हजार आदेश येतात. एका आदेशाला एक मिनिट धरले, तरी त्या सचिवांना दिवसरात्र न उठता दहा दिवस बसावे लागेल. सही झालेला आदेश कोणी वाचलाच नसेल, अशी शक्यता या आकड्यांतच आहे, आणि मला ती फार गंभीर वाटते.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. ज्याचा फोन ऐकला गेला, त्याला ते कळवले जात नाही. चालू असताना नाही हे समजण्यासारखे आहे, पण संपल्यावरही नाही, दहा वर्षांनीही नाही. गरज उरली नसेल तर नोंदी ठरावीक मुदतीने नष्ट करायच्या असतात. माहितीच्या अधिकारात विचारावे, तर तेही दार बंद. एका वकिलाने स्वतःच्याच फोनवर पाळत होती का असे विचारले होते. डिसेंबर २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही माहिती देशाच्या सुरक्षेशी निगडित असल्याने देता येणार नाही, असा निकाल दिला. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी न्यायाधीशाच्या परवानगीने फोन ऐकला, तर आदेशाची मुदत संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत त्या माणसाला तसे कळवणे बंधनकारक असते. न्यायाधीश सबळ कारणासाठी ते लांबवू शकतात. हेरगिरीविरोधी तपासाला तिथेही वेगळा कायदा आहे. पण सर्वसाधारण नियम 'कळवा' हा आहे. आपला सर्वसाधारण नियम 'कळू देऊ नका' हा आहे.

मग कळते कधी? ऐकलेले संभाषण सरकारनेच पुरावा म्हणून न्यायालयात आणले, तर. लाचेच्या एका खटल्यात मुंबईच्या एका व्यावसायिकाला आपला फोन टॅप झाल्याचे असेच कळले. तो उच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रीय गृह मंत्रालयाचे तीन आदेश बेकायदा ठरवून ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. 'सार्वजनिक सुरक्षितता' हे कारण तिथे लागूच होत नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे. आता विचार करा : राजकीय विरोधकाचा फोन ऐकणारा माणूस ते संभाषण न्यायालयात कशाला नेईल? त्याला फक्त उद्याची बैठक कुठे आहे आणि कोण फुटणार आहे, एवढेच हवे असते. त्यामुळे ज्या पाळतीची सगळ्यांत जास्त भीती वाटायला हवी, तीच सिद्ध होण्याची शक्यता सगळ्यांत कमी.

या परिस्थितीत आरोप करणे सोपे असते आणि फेटाळणेही सोपे. पण म्हणून सगळे आरोप सारखे नसतात. तीन प्रकरणे जरा सविस्तर सांगतो.

पहिले चंद्रशेखर यांचे. १९९०मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार असताना, त्याच पक्षातल्या चंद्रशेखर यांनी आरोप केला की सरकार आपल्यासह २७ राजकारण्यांचे फोन चोरून ऐकते. त्या वेळी हा पक्षांतर्गत भांडणातला एक वार म्हणून सोडून देणे कोणालाही सहज जमले असते. पण सीबीआयची चौकशी झाली, तिचा अहवाल फुटला आणि १९९१मध्ये 'मेनस्ट्रीम' या साप्ताहिकात छापून आला. चंद्रशेखर यांनी म्हटले होते तसेच सगळे घडले, असे त्यात नव्हते. त्यात जे होते ते एका अर्थी जास्त भयानक होते : १११ प्रकरणांत १८० दिवस उलटून गेल्यावरही सरकारची परवानगी न घेता टॅपिंग चालूच होते, काही क्रमांकांचे तर आदेशच सापडत नव्हते, आणि नोंदी धड ठेवलेल्या नव्हत्या. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना हा अहवाल घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६चा निकाल त्यातून आला. आज गृहसचिवांची सही, साठ दिवसांची मुदत, पुनर्विलोकन समिती हे जे काही आहे, ते त्या निकालातून आलेले आहे. संघटनेतर्फे राजिंदर सच्चर यांनी आधी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची अट मागितली होती. न्यायालयाने ती घातली नाही. माझ्या मते तिथे एक मोठी संधी हुकली.

याच चंद्रशेखर यांच्याबाबत पुढे काय झाले, तेही पाहा. नोव्हेंबर १९९०मध्ये काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर ते पंतप्रधान झाले. मार्च १९९१मध्ये दिल्लीत १०, जनपथ या राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन साध्या वेशातले हवालदार सापडले. सरकार पाळत ठेवते आहे, असे म्हणत काँग्रेसने लोकसभेवर बहिष्कार घातला. ६ मार्चला चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. पंतप्रधानांच्या सांगण्यावरून ते हवालदार तिथे उभे होते, हे कधीच सिद्ध झाले नाही. दोन हवालदार आणि एक न शाबीत झालेला आरोप, एवढ्यावर देशाचे सरकार गेले. पाळतीचा आरोप हे किती धारदार हत्यार आहे, हे यावरून कळावे. आदल्याच वर्षी तोच आरोप करणारा माणूस या वेळी त्याच्या दुसऱ्या टोकाला होता.

दुसरे प्रकरण आपल्या आईंच्या बाजूचे. समाजवादी पक्षाचे अमरसिंह यांनी जानेवारी २००६मध्ये आपला फोन टॅप होत असल्याचे जाहीर केले आणि बोट थेट काँग्रेसकडे व तिच्या अध्यक्षांकडे दाखवले. फोन खरोखरच टॅप झाला होता! पण तपासात निघाले ते निराळेच. दिल्ली पोलिसांच्या आणि गृह खात्याच्या नावाने बनावट पत्रे तयार करून ती मोबाइल कंपनीला दिली गेली होती, आणि एका खासगी गुप्तहेराला अटक झाली. ती पत्रे चुकांनी इतकी भरलेली होती, की सेवा देणाऱ्या कंपनीला संशय यायलाच हवा होता आणि तिने खातरजमा करायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०११च्या निकालात नोंदवले. तोवर राजकारणाचे वारे बदलले होते. अमरसिंह समाजवादी पक्षातून बाहेर पडले होते आणि काँग्रेसवरचे आरोप त्यांनी न्यायालयात मागे घेतले होते. न्यायालयाने त्यांची याचिका तर फेटाळलीच, शिवाय ते स्वच्छ हातांनी आले नाहीत असेही सुनावले.

या प्रकरणाची मला चीड येते. एका माणसाच्या खासगी आयुष्यावर खरोखर घाला पडला होता. एका खोट्या कागदावर कोणाचाही फोन ऐकता येतो, ही देशातल्या प्रत्येक मोबाइलधारकाला हादरवणारी गोष्ट उघड झाली होती. पण आरोप करणाऱ्याने पुराव्याआधीच आरोपी ठरवला आणि सोयीचे झाले तेव्हा तो सोडूनही दिला. चर्चा कोणी कोणाविरुद्ध कट केला याभोवती फिरत राहिली आणि कंपनीच्या टेबलावर ते पत्र कसे पास झाले, हा खरा प्रश्न बाजूला पडला.

तिसरे आपल्या घरचे. जुलै २०२१मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितले, की आपण खासदार असताना आपला फोन टॅप केला गेला आणि कागदोपत्री तो क्रमांक अमली पदार्थांच्या धंद्यातल्या 'अमजद खान' नावाच्या माणसाचा दाखवला गेला. संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनबाबतही असेच आरोप झाले. तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते. चौकशी समिती नेमली गेली आणि २०२२च्या सुरुवातीला पुण्यात आणि मुंबईत कुलाब्यात गुन्हे दाखल झाले. त्यात राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख राहिलेल्या आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर ठपका होता. त्यांनी आरोप नाकारले. जून २०२२मध्ये सरकार बदलले. पुणे पोलिसांनी प्रकरण बंद करण्यासाठी 'सी समरी' अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात सरकारने खटला चालवायला मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

पोलिसी कामकाजात 'सी समरी' म्हणजे तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही, किंवा ती गैरसमजातून झाली. आपल्या पत्रातल्या प्रश्नाला सरकारी कागदावरचे याहून नेमके उत्तर सापडणार नाही. गुन्हे रद्द झाले आहेत, त्यामुळे कोणाला दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण एका लोकप्रतिनिधीचा क्रमांक दुसऱ्याच नावाने सहीसाठी गेला होता का, आणि गेला असेल तर समोरच्या दहा आकड्यांमागे खरोखर कोण आहे हे सही करणाऱ्याने पाहिले होते का, याचे उत्तर महाराष्ट्राला मिळायला हवे होते. ते मिळालेले नाही.

तेलंगणातही डिसेंबर २०२३मध्ये सत्ता बदलली, तेव्हाच जुन्या तक्रारींवर हालचाल झाली. मार्च २०२४पासून गुप्तवार्ता शाखेतल्या अधिकाऱ्यांना अटका झाल्या. निवडणुकीच्या निकालानंतर हार्ड डिस्क नष्ट केल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. तिथेही सत्तेबरोबर फाइल उघडली. आपल्याकडे सत्तेबरोबर उघडली आणि सत्तेबरोबरच मिटली.

म्हणून आईंना आणि भावाला माझे एकच सुचवणे आहे. नेता काय म्हणाला त्यापेक्षा पत्रकार परिषदेनंतर त्याने काय केले, ते पाहा. लेखी तक्रार दिली का? फोन तपासणीला दिला का? न्यायालयात शपथेवर तेच बोलला का? आणि त्याचा पक्ष सत्तेत आला तेव्हा न्यायाधीशाच्या परवानगीची अट घालायला त्याने तोंड उघडले का? मनीष तिवारी यांनी २०११मध्ये गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख आणणारे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. विरोधात असताना पाळतीवर बोललेले कितीतरी पक्ष त्यानंतर सत्तेत येऊन गेले, काही आजही आहेत. त्यांतल्या एकानेही ही चौकट बदललेली नाही.

प्रश्न : २०२३मध्ये ॲपल कंपनीनेच विरोधी नेत्यांना इशारा पाठवला होता. हा तरी पुरावा ना? त्याचे पुढे काय झाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इशारा खरा होता, पण आपण म्हणता तसा पुरावा तो नव्हता. ३१ ऑक्टोबर २०२३ला महुआ मोइत्रा, शशी थरूर, प्रियंका चतुर्वेदी, पवन खेरा, असदुद्दीन ओवैसी, सीताराम येचुरी अशा अनेकांनी ॲपलचा संदेश जाहीर केला. सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर तुमच्या आयफोनला लक्ष्य करत असावेत, असा त्याचा आशय. कुठले सरकार, हे त्यात नव्हते. हल्ल्यामागे कोण, हे आम्ही सांगत नाही आणि काही इशारे चुकीचेही निघू शकतात, असा खुलासा कंपनीने केला. मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जवळपास दीडशे देशांत असे संदेश गेल्याचे सांगून चौकशी जाहीर केली. विरोधकांनी 'असावेत' हा शब्द गाळून 'आपले सरकार' हे शब्द आपले आपण घातले. सत्ताधाऱ्यांनी 'चुकीचा असू शकतो' एवढेच उचलले. मात्र डिसेंबर २०२३मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रयोगशाळेने भारतातल्या दोन पत्रकारांच्या आयफोनवर पेगासस या इस्रायली हेर-सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले. म्हणजे सगळे इशारे पोकळ नव्हते.

पेगासस बनवणारी एनएसओ ही कंपनी म्हणते, की आम्ही फक्त सरकारांना विकतो. जुलै २०२१मध्ये जगभरातल्या क्रमांकांची जी यादी बाहेर आली, तीत राहुल गांधी यांच्याप्रमाणेच वैष्णव यांचाही क्रमांक होता, आणि त्याच सुमारास मंत्री म्हणून संसदेत उठून या बातम्या निराधार असल्याचे सांगायची वेळ त्यांच्यावरच आली. यादीत क्रमांक असणे म्हणजे फोनमध्ये सॉफ्टवेअर शिरणे नव्हे, हे लक्षात ठेवा. त्यासाठी फोन तपासावा लागतो.

ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञांची समिती नेमली. आता इथे थोडे थांबा. एवढा गदारोळ झाला, संसदेचे जवळपास अख्खे अधिवेशन वाहून गेले, आणि २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत समितीकडे तपासणीसाठी किती फोन आले होते? दोन. समितीला पुन्हा जाहीर सूचना काढावी लागली. शेवटी २९ फोन आले. फोन परक्या हातात द्यायचा म्हणजे आपले सगळे आयुष्य द्यायचे, त्यामुळे पत्रकारांची किंवा कार्यकर्त्यांची भीती मला समजते. राहुल गांधी यांनी आपल्या फोनमध्ये पेगासस असल्याचे २०२३मध्ये केंब्रिजमध्ये सांगितले, तेव्हा भाजपने हाच प्रश्न विचारला, की मग फोन समितीकडे का दिला नाही? प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू राजकीय असेल, पण प्रश्न रास्त आहे.

ऑगस्ट २०२२मध्ये सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी न्यायालयात सांगितले : २९पैकी पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर होते, ते पेगाससच होते असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. सत्ताधारी पक्षाने पहिले दोन मुद्दे सांगितले, विरोधकांनी तिसरा. माझ्या मते तिसरा सगळ्यांत वजनदार आहे. पेगासस घेतले की नाही, या प्रश्नाला 'नाही' असे एका शब्दाचे शपथपत्र देता आले असते. सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन तपशिलात जाण्याचे टाळले. एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने असे मत मांडले, की देशाच्या सुरक्षेला स्पर्श करणारा अहवाल रस्त्यावरच्या चर्चेचा कागद होऊ शकत नाही, पण ज्यांना आपल्याबद्दल शंका आहे त्यांना वैयक्तिक माहिती देण्याचा विचार होऊ शकतो. देशाने असे सॉफ्टवेअर वापरण्यात गैर नाही, ते कोणाविरुद्ध वापरले हा प्रश्न आहे, असेही न्यायमूर्ती म्हणाले. मला हे अर्धेच पटते. कोणाविरुद्ध वापरले हे कळायला, वापरले हे आधी कोणीतरी मान्य करावे लागते.

प्रश्न : ट्रम्प यांनीही ओबामांवर असाच आरोप केला होता ना? इथले आमचे मराठी मित्र अजून त्यावरून भांडतात. त्याचा शेवट काय झाला?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ४ मार्च २०१७च्या सकाळी, राष्ट्राध्यक्ष होऊन दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर लिहिले की निवडणुकीच्या आधी ओबामांनी ट्रम्प टॉवरमधले आपले फोन टॅप करवले. पुरावा काहीही दिला नाही. इथे एक विशेष गोष्ट होती. सगळ्या गुप्तचर यंत्रणा ज्याच्या हाताखाली, तोच माणूस आरोप करत होता. फोन उचलून विचारले असते, तर उत्तर मिळाले असते.

मग एकेक दार ठोठावले गेले. सिनेटच्या गुप्तचर समितीच्या दोन्ही पक्षांच्या प्रमुखांनी असे काही आढळले नसल्याचे लेखी सांगितले. प्रवक्त्यांनी ब्रिटनच्या जीसीएचक्यू या संस्थेचे नाव मध्ये आणले, तेव्हा एरवी कशावरच न बोलणाऱ्या त्या संस्थेने हे धादांत हास्यास्पद असल्याचे जाहीर केले. २० मार्चला एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी संसदीय समितीपुढे सांगितले, की या ट्विटांना आधार देणारी कोणतीही माहिती नाही. सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांच्याच न्याय विभागाने, माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखालच्या एका खटल्यात, अशा टॅपिंगचे कागद आपल्याकडे नसल्याचे न्यायालयाला कळवले. आरोप त्या रूपात तिथे संपला.

पण न्यू जर्सीत आपल्या मित्रांचे भांडण चालू राहते, त्यालाही कारण आहे. ट्रम्प यांच्या प्रचाराचे एकेकाळचे सल्लागार कार्टर पेज यांच्यावर एफबीआयने ऑक्टोबर २०१६पासून, ते प्रचारातून बाहेर पडल्यावर, गुप्त न्यायालयाच्या परवानगीने खरोखर पाळत ठेवली होती. न्याय विभागाचे महानिरीक्षक मायकेल होरोविट्झ यांच्या डिसेंबर २०१९च्या अहवालात त्या चार अर्जांमध्ये १७ गंभीर चुका आणि गाळलेल्या गोष्टी निघाल्या. एफबीआयच्या एका वकिलाने ईमेलमधला मजकूर बदलला होता. त्याने २०२०मध्ये गुन्हा कबूल केला. चारपैकी शेवटच्या दोन परवानग्यांना पुरेसा आधार नव्हता, हे सरकारने स्वतः मान्य केले. ट्रम्प यांचा आरोप यामुळे खरा ठरत नाही. ओबामांनी सांगितले, ट्रम्प टॉवरचे फोन ऐकले, यातले काहीही निघाले नाही. मात्र पाळतीच्या यंत्रणेत खोट होती, आणि ती न्यायाधीश मध्ये असूनही होती.

मला हेवा वाटतो तो याचा, की हे दोन्ही आपल्याला ठाऊक आहे. आरोप निराधार होता हे लेखी मिळाले, आणि यंत्रणा चुकली हेही चारशेहून अधिक पानांच्या जाहीर अहवालात मिळाले. आपल्याकडे पटोले खरे की खोटे, पेगासस होते की नव्हते, यावर आजही प्रत्येकाला स्वतःच्या मनाप्रमाणे मत ठेवता येते, कारण कोणाकडेच कागद नाही.

प्रश्न : बोलताना फोनमध्ये 'खट्' आवाज येतो, मध्येच आवाज घुमतो. माझा फोन टॅप होत असेल का? मी गावात सिंचनाच्या कामांवर माहिती अधिकारात अर्ज करतो.
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : आवाजावरून काहीही ठरत नाही. पूर्वी एक्स्चेंजमध्ये तारांना समांतर जोड देऊन ऐकत, तेव्हा कधी खरखर येई. आता आदेश आला की कंपनीच्या यंत्रणेतूनच संभाषणाची प्रत सरकारी संस्थेकडे जाते. त्यात 'खट्' होत नाही, घुमत नाही, बॅटरीही उतरत नाही. आपल्याला येतो तो आवाज नेटवर्कचा.

आपल्यासारख्यांनी जास्त काळजी करावी ती सीडीआरची, म्हणजे कोणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरवरून फोन केला त्या नोंदीची. ती मिळवायला गृहसचिवांची सही लागत नाही. पोलीस तपासासाठी मागवू शकतात आणि तिथे गैरवापर झालेला आहे. २०१३मध्ये राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे सीडीआर मिळवण्याचा प्रयत्न उघड झाला आणि दिल्ली पोलिसांच्या एका शिपायाला अटक झाली. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली, तीत खासगी गुप्तहेर होते. तेव्हा आपल्या मागावर कोणी असलेच, तर ते सरकारच असेल असेही नाही. कंत्राटदारही असू शकतो. संशयाला ठोस कारण असेल, म्हणजे फक्त फोनवर बोललेली गोष्ट समोरच्याला कळली असेल, तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तक्रारीत कोणाचेही नाव अंदाजाने घालू नका.

ॲपलचा इशारा आला, तर तो खरा आहे का हे संदेशातल्या दुव्यावर न जाता स्वतः आपल्या ॲपल खात्याच्या पानावर जाऊन पाहा. खरा असेल तर तिथे तो दिसतो. आयफोनची सुरक्षा कडक करणारा 'लॉकडाउन मोड' चालू करा. आणि घाबरून फोन रीसेट करू नका किंवा विकून टाकू नका. कोणी शिरले होते की नाही हे सांगणाऱ्या खुणा त्याच फोनमध्ये असतात, आणि रीसेट केल्यावर तपासणाऱ्याला तिथे काही सापडत नाही.